क्लचवरचा पाय

मोटारीचं सामान विकणाऱ्याच्या डोक्यात गिऱ्हाइकांची नावं टिकत नाहीत, गाड्या टिकतात. मी उभी हयात कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या दुकानात काढली. आजही रस्त्यात कुणी "ओळखलंसा का?" म्हणून आडवा आला की मी नुसता हसतो. मग तो म्हणतो, "लाल टेंपो, मागला एक्सल सारखा तुटायचा," आणि लगेच मला तो माणूस, त्याचा बाप, त्याचा किरकिरा स्वभाव, सगळं आठवतं. बायको म्हणते, तुम्ही माणसांत कधी नव्हताच. नसेन.

एका बाईचं मात्र तसं नाही. तिची गाडी आठवते आणि गाडीच्या आधी ती आठवते. नाव मी कधी विचारलं नाही. चंदगडकडची. अख्खा तालुका तिला आक्का म्हणायचा, म्हणून आम्हीपण आक्काच म्हणायचो.

आक्कांची गाडी म्हणजे लष्करानं लिलावात काढलेली जुनी जीप. नवरा लाकडाचा ठेकेदार होता. जंगलात फिरायला त्यानं ती घेतली आणि वर्षभरात काविळीनं गेला. जीप गोठ्यात म्हशींच्या शेजारी उभी राहिली. दीर विकायला निघाले, तशी आक्कांनी किल्ली कमरेला खोचली. भात कापून मोकळ्या झालेल्या रानात त्या एकट्याच गाडी चालवायला शिकल्या. शिकवलं कुणी, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "म्हस हाकायला कोण शिकवतंय का? हिलापन चार पायच की."

चंदगडचा पाऊस ज्यानं बघितलाय त्यालाच तो माहीत. चार महिने एस्टी मोठ्या सडकेवर सोडून द्यायची आणि आतली गावं चिखलात बसायची. ही जीप चारी चाकांनी ओढणारी, ती त्या चिखलातनं वर यायची. बाजाराची गाठोडी, नवरदेव, पाव्हणे, आजारी माणसं, सगळी आक्कांच्या जिपेतनं. नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं, पायात वहाण नाही. अनवाणी पायाला गाडी कळते, असं त्यांचं म्हणणं. "चपलेला काय कळतंय? मेलेलं चमडं ते."

आणि बोलणं म्हणाल तर आमच्या कोल्हापुरी बायकांचं, "मी आलो", "मी गेलो", "मी जेवलो". पुण्याचे पाव्हणे ऐकून हसतात. हसू देत. आक्कांनी "मी आले" म्हटलं असतं तर मलाच कुणीतरी दुसरी बाई आलीय असं वाटलं असतं.

ती जीप परदेशी, स्टिअरिंग डाव्या अंगाला. ड्रायव्हर उजवीकडं बसतो हे आपल्याकडं हवालदाराच्या डोळ्यांत बसलेलं. एकदा आक्का जत्रेचा बोकड उजव्या सीटला बांधून भर बाजारातनं आल्या. हवालदारानं लांबनं बघितलं, तर गाडी सरळ येतेय आणि ड्रायव्हरच्या जागी शिंगं. शिट्टी तोंडात तशीच राहिली त्याची. आक्कांनी जवळ येऊन गाडी थांबवली आणि विचारलं, "काय गा, त्याचं लायसन बघतोस?" तो हवालदार पुढं बरीच वर्षं ती गाडी दिसली की मान वळवून दुसरीकडं बघायचा.

वर्षातनं दोनदा तरी त्या दुकानात यायच्या. खुर्ची दिली तर बसायच्या नाहीत. ऑइलचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर बसणार आणि येताना आणलेले भाजके काजू आमच्या पुढ्यात ओतणार. मग दुकानात जो असेल त्याला पारखणार. त्यांची माणूस पारखायची पट्टी एकच, ती क्लचची. काही ड्रायव्हरांना गाडी चालवताना डावा पाय क्लचवर नुसता टेकवून ठेवायची सवय असते. धड दाबलेला नाही, धड सोडलेला नाही. आत प्लेट घासत राहते आणि जळते. आक्कांना त्या पायाचा भारी राग. तालुक्याच्या एका पुढाऱ्याचं नाव निघालं तेव्हा म्हणाल्या, "त्यो? त्यो कायम क्लचवर पाय ठिऊन हाय."

माझ्यावरही एकदा आली ती वेळ. मला दोन मुली सांगून आल्या होत्या आणि माझं महिनोन्महिने ठरत नव्हतं. वडील गल्ल्यावर बसून सगळ्या गिऱ्हाइकांना ते रडगाणं ऐकवायचे. आक्कांनी ऐकलं, काजू चावला आणि म्हणाल्या, "शेट, चढावर गाडी काढून क्लचवर पाय ठिऊन बसलाईस. प्लेट जळती अशानं. तुझी न्हाय जळत, त्या पोरींच्या घरातली जळती." मी आठवड्यात होकार कळवला. ती मुलगी आज मला माणसांत नव्हता म्हणते.

आता क्लच म्हणजे काय हे थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. इंजिनाची ताकद चाकाकडं जाते ती एका गोल प्लेटमधनं. ती प्लेट घट्ट दाबून धरायला मागं स्प्रिंगा असतात. आपण पायानं पेडल दाबतो तेव्हा त्या स्प्रिंगांना मागं रेटून प्लेट मोकळी करतो आणि गिअर बदलतो. स्प्रिंगा कडक असतील तर प्लेट सुटत नाही, भरलेली गाडी चढ चढते. पण पेडल दगडासारखं होतं. नरम असतील तर पेडल लोण्यागत दबतं, पण भार पडला की प्लेट घसरते. इंजिन बोंबलतं आणि गाडी जागची हलत नाही. म्हणून स्प्रिंगा निवडायच्या त्या आपला रस्ता, आपला भार आणि आपला पाय बघून.

आक्कांची निवड बघायला शेजारचे दुकानदार यायचे. आधी प्लेट. तिला नाकाशी धरून वास घेणार, नखानं अस्तर खरवडणार. मग स्प्रिंगा. खोकं ओट्यावर ओतायला लावणार, एकेक फरशीवर गडगडत सोडणार. वाकडी गेली की बाद. उरलेल्यांची उंची जुळवणार. आणि शेवटी परीक्षा. स्प्रिंग जमिनीवर उभी करायची, डावी टाच तिच्यावर ठेवायची, दुसरा पाय उचलायचा आणि ओटा धरून एका पायावर उभं राहायचं. डोळे मिटून. गिऱ्हाइकं तोंडात बोटं घालून बघायची. स्प्रिंग फार दबली तर म्हणायच्या, "ही आई हाय. ठिऊन दे." दबली नाही तर खुशीत, "ही सासू."

हीच त्यांची नावं. कडक ती सासू, नरम ती आई. "आई चांगलीच असती गा, पन चढाला पोराचा हात सोडून देती. सासू सोडत न्हाय." दुकानात आमच्या पोरासोरांनाही तीच नावं पडली. एकदा आक्कांना स्वतःला येता आलं नाही, म्हणून त्यांनी एस्टीच्या कंडक्टरजवळ निरोप दिला. तो गर्दीच्या वेळी दुकानात आला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "चंदगडच्या आक्कांनी सांगितलंय, जुन्या सासवा ढिल्या पडल्यात, नव्या पाठवा. घट्ट बघून." एक पुण्याचे पाव्हणे फॅनबेल्ट घ्यायला आले होते, ते फॅनबेल्ट न घेताच निघून गेले.

आमच्या दुकानाशेजारी लिंबाच्या झाडाखाली एक मिस्त्री काम करायचा. मुसलमान, वयानं वडीलधारा, आम्ही सगळे त्याला चाचा म्हणायचो. आक्कांची गाडी खोलायचा मान त्याचा. तो आक्कांना म्हणायचा, "आक्का, एवढ्या कडक स्प्रिंगा आमचे पैलवानबी दाबत न्हाईत. गुडघा जाईल." आक्का म्हणायच्या, "गुडघा माझा हाय का तुझा?" तिथं बोलणं संपायचं.

गुडघा गेलाच. एका पावसाळ्याच्या तोंडाला तोच कंडक्टर आला. ह्या वेळी आवाज लहान. "आक्कांनी सांगितलंय, आता सासू नको. आई धाडा." चाचा शेजारीच होता. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मी नरम स्प्रिंगा बांधून दिल्या. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. म्हाताऱ्या पैलवानानं आखाडा सोडल्याचं कळावं तसं वाटलं.

त्या पावसाळ्यात जे झालं ते आक्कांनीच नंतर डब्यावर बसून सांगितलं. गावातला एक माणूस फणसाच्या झाडावरनं पडला. कंबर मोडली. त्याला घोंगड्यावर आडवा जिपेत घातला आणि बेळगावच्या दवाखान्याला निघाले. गावाबाहेर नदीपासून सडकेपर्यंत लांबलचक चढ आहे. चढाच्या मध्यावर नरम स्प्रिंगांनी हात टेकले. इंजिन बोंबलतंय, करपल्याचा वास सुटलाय, आणि गाडी मागं यायला लागलेली. सोबतची माणसं उतरली. पण ज्याचा भार होता त्याला उतरवता येत नव्हतं. हलवलं की तो ओरडायचा. मागं नदी.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. सगळी ढकलायला लागली. आन् सून धोंडा घिऊन मागं. गाडी वाईच पुढं सरकली की चाकामागं धोंडा लावायची. परत उचलायची, परत लावायची. चाकाखाली हात घालून. सगळा चढ तशी आली. मी मागं वळून बघायचो, तर हिचं डोस्कं न्हाय दिसायचं, नुसता हात आन् धोंडा."

माणूस वाचला. अजूनही काठी टेकत हिंडतोय म्हणाल्या. पण ते सांगताना त्यांच्या तोंडावर आनंद नव्हता. "त्याचं नशीब म्हनून वाचला, शेट. माझ्या गाडीनं न्हाय वाचवला."

सुनेबद्दल सांगायला हवं. आक्कांचा मुलगा एकुलता एक. कबनूरला यंत्रमागावर कामाला, सुट्टीला घरी. जिपेत बसला की त्याला मळमळायचं, म्हणून तो एस्टीनं यायचा, आणि आक्का त्याला काही बोलायच्या नाहीत हे विशेष. सून उंच, किडकिडीत, खाली मान घालून असायची. घरात सासूसुनेचं बरं होतं, पण जीप आली की नाही. गाडीला सुनेनं हात लावायचा नाही, पुसायलासुद्धा. चिखल झाला तर आक्का स्वतः बादली घेऊन बसणार. ह्या खेपेला सून बरोबर आली होती ती आक्कांना हाताला धरून गाडीतनं उतरवायला. तेवढंच तिचं काम.

प्रश्न साधा होता आणि सुटणारा नव्हता. पेठेतल्या डॉक्टरनं सांगितलं होतं, गुडघ्याची वाटी झिजलीय, कडक पेडल दाबायचं नाही. म्हणजे नरम स्प्रिंगा. आणि नरम स्प्रिंगांवर तो चढ भरल्या गाडीनं चढत नव्हता. कडक घातल्या तर गाडी चढणार, आक्का नाहीत चालवू शकणार. गाडी बंद केली तर आतल्या गावांनी पावसाळ्यात माणूस पडला तर काय करायचं? मुलगा म्हणत होता, विकून टाका. आक्का म्हणत होत्या, मेल्यावर विक.

चाचानं मधला मार्ग काढला. "आक्का, एक आड एक घालू. एक सासू, एक आई. पेडल मध्यम होईल."

"आन् मधी कोन मरनार?" आक्का म्हणाल्या.

"नवरा," चाचा गंभीर तोंडानं म्हणाला. आक्का हसल्या. त्या खेपेतलं तेवढंच हसू.

चाचानं दिवसभर खपून एक आड एक स्प्रिंगा बसवल्या. सासूसुनेचा मुक्काम आमच्या शिवाजी पेठेतल्या घरी होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी भरून पन्हाळ्याचा चढ चढून बघायचं ठरलं. भार काय घालायचा? वाळूची पोती आणायची खटपट कोण करतो. मी आमच्या तालमीत गेलो आणि चार पैलवान मागितले. पन्हाळ्याला फुकट जायचं म्हटल्यावर सात आले. चौघांना मागं कोंबलं. जीप मागनं बसली ती बसलीच. सून घरी माझ्या बायकोजवळ थांबली, आणि मी उजव्या सीटवर बसलो, बोकड बसला होता तिथं.

गाव मागं पडेपर्यंत झकास चाललं. पैलवान मागं कुणाच्या तरी कुस्तीवरनं भांडत होते. चढ लागला. गाडी चढत होती, एखाद्या वळणाला प्लेट किंचित घसरल्यासारखी वाटायची, पण चढत होती. मी म्हणणार होतो, आक्का, जमलं. म्हणून त्यांच्याकडं बघितलं.

त्यांचा डावा पाय पेडलवर होता, पण पेडल खाली जात नव्हतं. त्यांनी डावा हात स्टिअरिंगवरनं काढला, गुडघ्यावर ठेवला आणि हातानं गुडघा खाली रेटला. उजवा हात त्याच वेळी गिअरवर. स्टिअरिंगला कुणाचाच हात नव्हता. उजवीकडं, माझ्या बाजूला, दरी होती. गिअर पडला, हात परत स्टिअरिंगवर आला, गाडी वळली. एवढंसं काम. पुढच्या वळणाला पुन्हा तसंच.

मी दोन्ही हातांनी सीटची कड धरली. मागं पैलवान आता गाणी म्हणायला लागले होते.

वर पोचल्यावर पैलवान झुणका-भाकरीच्या शोधात गेले. आक्का सीटवरच बसून राहिल्या. कपाळावर घाम होता, आणि पन्हाळ्यावर तर गार वारं सुटलं होतं. समोर बघत म्हणाल्या, "बघितलास न्हवं?"

"व्हय."

"आज तू बसलातास. उद्या कुनाची तरी पोरं बसतील." लुगड्याच्या पदरानं त्यांनी स्टिअरिंग पुसलं, सगळं गोल, एखाद्या भांड्यागत. मला वाटलं त्या रडतील. रडल्या नाहीत. मला मात्र रडू येत होतं आणि मी सामान विकणारा माणूस, मला ते कसं दाखवायचं हेपण माहीत नव्हतं. मी म्हटलं, "आक्का, उतारावर मी चालवू?" म्हणाल्या, "उताराला काय लागतंय. उताराला दगडबी जातोय." आणि त्यांनीच गाडी खाली आणली, एकाच गिअरमध्ये, क्लचला पाय न लावता.

लिंबाखाली चाचा वाट बघत होता. माझी बायको आणि सून डबा घेऊन आल्या होत्या. चाचानं विचारलं, "कसं काय, आक्का? एक आड एक चालतंय?"

"सगळ्या काढ," आक्का म्हणाल्या. "सगळ्या सासवा घाल. न दबनाऱ्या."

चाचानं पाना खाली ठेवला. "आन् दाबनार कोन?"

आक्कांनी हनुवटीनं दाखवलं. आम्ही सगळ्यांनी सुनेकडं बघितलं. ती डब्याचं झाकण हातात घेऊन उभी होती, तशीच राहिली.

"मला येत न्हाय, आत्ती," ती कशीबशी म्हणाली. तिकडं सासूला आत्तीच म्हणतात.

"व्हय?" आक्का म्हणाल्या. "मी एस्टीनं गडहिंग्लजला गेलो की गोठ्यातनं गाडी भाईर कोन काढतंय? म्हस काढती? दोन वरसं बघतोय मी. आत लावताना चाक वाईच वाकडं ऱ्हातंय तुझं. दर खेपेला मी आल्यावर सरळ करून ठेवतोय."

सुनेचं तोंड लाल झालं. तिला वाटत होतं आता चढणार पारा. माझ्या बायकोनं तिचा हात धरला. आक्का तिला म्हणाल्या, "धोंडा लावत आलीस त्या दिशीच गाडी तू चालव म्हनून मी सांगनार हुतो. सांगितलो न्हाय. जिभंवर येत न्हवतं." आणि मग माझ्याकडं वळून, जणू काही झालंच नाही अशा आवाजात, "खोकं आन, शेट. स्प्रिंगा काढ."

मी खोकं ओतलं. ह्या वेळी आक्का जागच्या हलल्या नाहीत. सुनेला म्हणाल्या, "वहाण काढ. हिच्यावर टाच ठेव. आता उचल दुसरा पाय." सून ओटा धरून एका पायावर उभी राहिली. लाजेनं अर्धमेली झाली होती, रस्त्यावरची माणसं बघत होती. "डोळं मीट," आक्का म्हणाल्या. तिनं मिटले. "काय म्हनती?"

सुनेनं टाचेवर सगळा भार टाकला. मग म्हणाली, "सोडत न्हाय, आत्ती."

"ठेव ती. दुसरी घे."

अशी एकेक करून सुनेनं स्प्रिंगा निवडल्या. एक तिनं बाद केली ती आक्कांना पसंत होती. आक्कांनी ती उचलून नखानं वाजवून बघितली आणि खोक्यात टाकली. चाचानं पुन्हा सगळी गाडी खोलली. कुरकुर केली नाही. त्याचाही ऊर भरून आला होता असं मला वाटतं, कारण तो त्या दिवशी चहाला नको म्हणाला, आणि चाचा चहाला नको म्हणत नसे.

निघायच्या सकाळी सून डाव्या सीटवर बसली. आक्का गाडीला मागनं वळसा घालून उजव्या सीटवर चढल्या. मी हात द्यायला गेलो तर झटकला. गाडी चालू झाली, हिसका बसला, बंद पडली. शेजारच्या दुकानातला एकजण हसला. पुन्हा चालू, पुन्हा बंद. मी आक्कांकडं बघत होतो, कारण ह्या बाईनं आयुष्यात कुणाच्या चुकीवर तोंड मिटून घेतलेलं मी बघितलं नव्हतं. त्या समोर रस्त्याकडं बघत बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर, एखाद्या परक्याच्या गाडीत पाव्हणी म्हणून बसावं तशा. तिसऱ्यांदा जीप निघाली. सुनेजवळ लायसन नव्हतं. पुढं तिनं काढलं, त्यामुळं आता सांगायला हरकत नाही.

त्यानंतर आक्का दुकानात आल्या नाहीत. काजू यायचे कंडक्टरबरोबर.

पावसाळा सरल्यावर सून एकटीच आली, ब्रेकचं सामान न्यायला. पहिल्यापेक्षा मान वर होती. तो चढ ती भरल्या गाडीनं किती वेळा चढली हे तिनं आपणहून सांगितलं, आणि आक्का प्रत्येक वेळी उजव्या सीटवर असतातच, हेपण. मी विचारलं, "बोलतात का काय?"

"गाडीत? एक शब्द न्हाय," ती म्हणाली. मग पदर सारखा करत हसली. "इथनं गेलो त्या दिशी घरला पोचलो, तर आत्तींना उतरता येईना. गुडघा हा एवढा सुजलेला. मी म्हटलो, आत्ती, गाडी तर मी चालवलो, तुमचा गुडघा कशानं सुजला? काय सांगंनात. मी मीठ गरम करून शेकत बसलो. तवा बोलल्या."

"काय बोलल्या?"

"म्हनल्या, नदीच्या वळनाला तू क्लच उशिरा दाबलीस. मी कवाच दाबलो हुतो."